पामीरच्या पायथ्याची पेठ : ओश

व्यापारी माणूस माल पाहिल्याशिवाय सौदा करीत नाही. मोंढ्यात तुरीचे पोते आले की आधी त्यात हात जातो, मूठभर दाणे तळहातावर पसरले जातात, एखादा दाणा दाताखाली फोडून ओलावा पाहिला जातो आणि मगच भाव निघतो. ही सवय आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. मात्र मुलामुलींना परदेशी शिक्षणासाठी पाठविण्याची वेळ आली की हीच पारख पुष्कळदा बाजूला राहते. लाखो रुपयांचा आणि मुलाच्या उमेदीच्या सहा वर्षांचा व्यवहार एका रंगीत माहितीपत्रकावर आणि मध्यस्थाच्या शब्दावर ठरतो. ज्या गावी मूल राहणार ते नकाशावर कोठे आहे, तेथे थंडी किती पडते, लोक कोणती भाषा बोलतात, अडीअडचणीला कोण धावून येईल, हे प्रश्न विमानाचे तिकीट हाती पडल्यानंतर सुचतात.

किर्गिझस्तान या मध्य आशियातील डोंगराळ देशात आज पंधरा हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी वैद्यकीय शिक्षण घेत आहेत. त्यांत महाराष्ट्रातील तालुक्यांच्या गावांतून गेलेली मुलेमुली पुष्कळ. त्या देशाच्या दक्षिणेकडील ओश हे प्रांताच्या ठाण्याचे शहर अशा विद्यार्थ्यांचे एक मोठे केंद्र आहे. आमच्या घरातील एक मुलगी तेथे तिसऱ्या वर्षाला शिकते. ती गेली तेव्हा तिचे मामा सोबत जाऊन सर्व व्यवस्था पाहून आले होते. आता तिच्या धाकट्या भावाचेही नाव तेथेच घालावे असा विचार घरात सुरू झाला, तेव्हा थोरले बंधू मला म्हणाले, “या वेळी तू जाऊन ये. पाहा, विचार, मग बोलू.” त्याप्रमाणे २०२५ च्या सप्टेंबरात, पर्युषण आणि दशलक्षण पर्व आटोपल्यावर, भूमहून निघून मी ओशला जाऊन आलो. त्या शहराची ही ओळख समाजबांधवांना उपयोगी पडावी, हा या लेखाचा हेतू आहे.

कोठे आहे हे शहर?

दिल्लीहून बिश्केक किंवा ताश्कंद ही शहरे विमानाने तीन-साडेतीन तासांच्या अंतरावर आहेत. भूमहून एस.टी.ने पुणे गाठावयास याहून अधिक वेळ लागतो. दूरदेश म्हणून ज्याची धास्ती वाटते तो देश प्रत्यक्षात इतका जवळ आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. खरे अंतर सुरू होते ते त्यानंतर. राजधानी बिश्केक देशाच्या उत्तर टोकाला आणि ओश दक्षिणेला. मध्ये तिएनशान पर्वताच्या रांगा आडव्या पसरलेल्या. विमानाने हे अंतर पाऊण तासाचे. रस्त्याने मात्र सहाशे किलोमीटरांहून अधिक आणि दहा-बारा तासांचे. जाताना मी विमानाने गेलो आणि येताना मुद्दाम रस्त्याने आलो. तीन हजार मीटरांहून उंच असे दोन घाट या वाटेवर लागतात. सप्टेंबरातही घाटमाथ्यावर गवताच्या कडेला बर्फ दिसत होते. हिवाळ्यात हिमवृष्टीमुळे हा रस्ता अधूनमधून बंद पडतो. भारताचा दूतावास बिश्केकमध्ये आहे. म्हणजे ओशमधील मुलाला दूतावासाची पायरी गाठावयाची तर मध्ये एवढे डोंगर आहेत. ही गोष्ट माहितीपत्रकात सापडत नाही.

ओश समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर, अक-बुरा नदीच्या काठी वसले आहे. लोकवस्ती तीन लाखांहून अधिक. पश्चिमेकडे फरगाणाचे सुपीक खोरे पसरलेले, दक्षिणेकडे आलाई पर्वत आणि त्यापलीकडे पामीर. शहरातून दक्षिणेला निघणारा रस्ता पामीर ओलांडून ताजिकिस्तानातील खोरोगपर्यंत जातो. त्याच रस्त्याचा एक फाटा पूर्वेला चीनच्या सीमेवर पोहोचतो. उझबेकिस्तानची सीमा तर शहरापासून काही किलोमीटरांवरच आहे. त्या नाक्याचे नाव ‘दोस्तुक’, म्हणजे दोस्ती. उन्हाळ्यात येथे आपल्यासारखाच कडक उन्हाळा असतो आणि जानेवारीत पारा शून्याखाली उतरतो. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. चलनाचे नाव सोम, आणि मी गेलो तेव्हा एका सोमाचा भाव जवळपास एका रुपयाइतकाच होता. त्यामुळे बाजारात मनातल्या मनात गुणाकार-भागाकार करण्याची वेळ आली नाही.

एका ग्रंथातील दोन गावे

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. येथील कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडे जात असे आणि तेथून पश्चिमेच्या देशांत पोहोचत असे, असे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. पुढे दुसऱ्या शतकात टॉलेमी या भूगोलज्ञाने जगातील स्थळांची जी नोंद केली, तीत तगराचे नाव आहे. त्याच ग्रंथात चीनकडे जाणाऱ्या रेशमाच्या वाटेवरील ‘दगडी मनोरा’ या ठिकाणाचाही उल्लेख आहे. हा दगडी मनोरा म्हणजे ओश शहरातील सुलेमान डोंगर असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. काही जण तो मान चीनमधील ताशकुरगानला देतात. ते काहीही असो, तेरचा कापडव्यापारी आणि पामीरकडचा रेशीमव्यापारी अठराशे वर्षांपूर्वी एकाच ग्रंथाच्या पानांत नोंदले गेले, एवढे निश्चित.

मध्य आशियाशी आपला संबंध याहूनही निकटचा आहे. श्वेतांबर परंपरेतील कालकाचार्यांच्या कथेत आचार्य सिंधूपलीकडील शकांच्या प्रदेशात गेल्याचे वर्णन येते. हे शक मूळचे मध्य आशियातील गवताळ मैदानांतून उतरलेले. परंपरेनुसार कालकाचार्य प्रतिष्ठानला, म्हणजे आपल्या मराठवाड्यातील पैठणलाही आले होते आणि संवत्सरीची तिथी पंचमीवरून चतुर्थीवर तेथेच आली. अलीकडच्या काळात पाहावे तर १९४८ पर्यंत आपला जिल्हा ज्या निजामांच्या राज्यात होता, त्या घराण्याचे पूर्वज समरकंद-बुखारा परिसरातून मोगल दरबारात आलेले. स्वतः बाबराचा जन्म १४८३ साली ओशजवळच्या, आज उझबेकिस्तानात असलेल्या अंदिजानमध्ये झाला. आपल्या आत्मवृत्तात त्याने ओशची स्तुती केली आहे, आणि हिंदुस्थानात आल्यावर तिकडच्या खरबुजांची आठवण काढून तो हळहळला आहे. ओशचे खरबूज खाल्ल्यावर त्याची ती हळहळ मला समजली.

शहराच्या मध्यभागी डोंगर

सपाट वस्तीच्या मधोमध अचानक उभा राहिलेला पाच शिखरांचा खडकाळ डोंगर हे ओशचे वैशिष्ट्य. शहरात कोठेही उभे राहिले तरी तो दिसतो. नवख्या माणसाला दिशा ओळखण्यास तेवढी खूण पुरते. त्याचे नाव सुलेमान-तू. २००९ साली त्याला जागतिक वारसास्थळाचा मान मिळाला. किर्गिझस्तानातील हे पहिले वारसास्थळ. प्राचीन शैलचित्रांच्या शंभरावर जागा या डोंगरावर नोंदल्या आहेत आणि सतरा पूजास्थाने आजही वापरात आहेत. बाबराने तरुणपणी माथ्यावर एक लहानशी खोली बांधली होती. आज तेथे दिसते ती नंतर पुन्हा उभारलेली वास्तू.

चढताना वाटेत एक गुळगुळीत झालेला खडक लागतो. त्यावरून घसरत खाली आले की अंगदुखी जाते आणि अपत्य नसलेल्यांना अपत्य होते, अशी श्रद्धा आहे. शतकानुशतके घसरणाऱ्यांनी तो दगड आरशासारखा झाला आहे. डोक्याला रुमाल बांधलेल्या वृद्ध स्त्रिया नातसुनांचा हात धरून पायऱ्या चढत होत्या. कोणी दम खाण्यासाठी थांबे, कोणी खालून वर येणाऱ्याला पाण्याची बाटली पुढे करी. हे दृश्य मला अनोळखी वाटले नाही. भूम तालुक्यातील आपले कुंथलगिरी सिद्धक्षेत्र डोळ्यांपुढे उभे राहिले. कुलभूषण-देशभूषण मुनींची ही निर्वाणभूमी. १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली तीही येथेच. तत्त्वज्ञान निराळे, आचार निराळा. पण डोंगर चढून मन हलके करण्याची माणसाची ओढ दोन्हीकडे सारखीच.

जायमा बाजार

ओशचा जीव मात्र आहे तो जायमा बाजारात. अक-बुरा नदीच्या काठाने हा बाजार लांबवर पसरला आहे. लोहारांच्या ओळीत नाल आणि सुऱ्या, पुढे लाकडी पाळणे, पुढे पांढऱ्या नमद्याच्या उंच किर्गिझ टोप्या, त्यापुढे तंदुरातून नुकतेच निघालेले, मध्ये नक्षी उमटवलेले नान. नव्या भागात मालवाहू जहाजांवरचे लोखंडी कंटेनर ओळीने मांडून त्यांचीच दुकाने केली आहेत. चीनमधून आलेले कापड, चपला, खेळणी, विजेचे सामान यांनी ती भरलेली. जवळच्या कारा-सू गावचा घाऊक बाजार तर अशा कंटेनरांचे एक नगरच आहे. अडत दुकानात आयुष्य गेलेल्या माणसाला तेथून पाय काढवत नाही.

मला सर्वांत मौज वाटली ती भाषेची. त्यांची बोली तुर्की कुळातील. आपल्या मराठीशी तिचे काही नाते नाही. तरी बाजारात उभे राहिलो आणि ओळखीचे शब्द कानी पडू लागले. बाजाराला ते बाजारच म्हणतात. दुकान म्हणजे ‘दुकोन’, तराजू म्हणजे ‘तराझा’, सौदागर म्हणजे ‘सोदागेर’. फायद्याला ‘पायदा’, हिशेबाला ‘एसेप’, कर्जाला ‘कारिझ’ आणि दप्तराला ‘देप्तेर’. फारसी-अरबीतून हे शब्द एकीकडे फरगाणात गेले आणि दुसरीकडे बहामनी, निजामशाही काळात दख्खनच्या कचेऱ्यांतून आपल्या रोजमेळात उतरले. व्यापाराची ही समाईक भाषा शिकण्यासाठी मला कोणत्याही वर्गाला जावे लागले नाही.

सुकामेव्याच्या ओळीत आमची पावले थबकली. अक्रोड, बदाम, बेदाणे, सुके जर्दाळू यांचे ढीग लागलेले. ओशच्या उत्तरेला जलाल-आबाद प्रांतातील अर्सलानबोब येथे जगातील सर्वांत मोठ्या नैसर्गिक अक्रोडवनांपैकी एक आहे. सप्टेंबरच्या अखेरीस तेथे अक्रोड उतरविण्याचा हंगाम सुरू होतो आणि गावेच्या गावे जंगलात मुक्कामाला जातात. शेजारच्या उझगेन गावचा तांबूस झाक असलेला तांदूळ सबंध देशात प्रसिद्ध. आपल्याकडे जसे कुंथलगिरीच्या खव्याचे नाव घेतले की भाव पुढे बोलावा लागत नाही, तसेच तेथे उझगेनच्या तांदळाचे.

या बाजाराने वाईट दिवसही पाहिले आहेत. जून २०१० मध्ये ओशमध्ये किर्गिझ आणि उझबेक समाजांत भीषण दंगल उसळली. चारशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. घरे आणि दुकाने जळाली. बाजारपेठ जळते तेव्हा मालाबरोबर आणखी काय जळते, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. आज त्याच बाजारात दोन्ही समाजांची माणसे शेजारी शेजारी बसून विक्री करताना दिसतात. त्या दिवसांविषयी ती सहसा बोलत नाहीत.

आता या प्रदेशात नवा बदल येऊ घातला आहे. चीनपासून किर्गिझस्तानमार्गे उझबेकिस्तानपर्यंत जाणाऱ्या रेल्वेमार्गाच्या बांधकामाचा प्रारंभ डिसेंबर २०२४ मध्ये जलाल-आबाद प्रांतात झाला. उंटांच्या तांड्यांची वाट ट्रकांनी घेतली, आता ट्रकांची रेल्वे घेईल. जुनी खूणही हलते आहे: शहरातील लेनिनचा सुमारे तेवीस मीटर उंचीचा भव्य पुतळा जून २०२५ मध्ये उतरविण्यात आला. रिकाम्या चौथऱ्याच्या जागेपुढून मुले सायकली फिरवीत होती.

उधारीची वही

पुतणीच्या वसतिगृहाजवळ किराणा मालाचे एक छोटे दुकान आहे. पन्नाशीची एक किर्गिझ बाई ते चालवते. मुली तिला ‘एजे’ म्हणतात. एजे म्हणजे थोरली बहीण, आपल्या भाषेत ताई. “काका, तुम्हांला एक गंमत दाखवते,” असे म्हणून पुतणी मला तेथे घेऊन गेली. गल्ल्याजवळ दोरीला पेन बांधलेली एक जाड वही होती. तिचे नाव ‘कारिझ देप्तेर’, म्हणजे कर्जाचे दप्तर. अर्थात उधारीची वही.

वहीत रशियन धाटणीच्या लिपीत आमच्या मुलीचे नाव होते. त्यापुढे आकडे होते आणि ते सर्व आडव्या रेघेने खोडलेले होते. गेल्या वर्षी घरून पाठवलेली रक्कम वाटेत एका बँकेत अडकून पडली होती. आम्ही इकडे खेटे घालीत होतो आणि ती तिकडे ‘सगळे ठीक आहे’ असे सांगत होती. ते अठरा दिवस या वहीने निभावले. तांदूळ, दूध, मूग, मेणबत्त्या, फोनचा रिचार्ज, सर्व काही एजेने लिहून दिले. तारण नाही, ओळख देणारा कोणी नाही, भाषाही पुरती येत नाही; समोर उभी परक्या देशाची, परक्या धर्माची वीस वर्षांची मुलगी.

मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये स्थानिक जमावाने परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर हल्ले केले होते, हे वाचकांना स्मरत असेल. घटना बिश्केकची असली तरी ओशमधील मुलीही तेव्हा दारे लावून बसल्या. देशभर वर्ग ऑनलाइन झाले. त्या आठवड्यात एजे रोज सकाळी पहारेकऱ्याच्या हाती नान आणि दूध पाठवीत असे, असे पुतणीने सांगितले. आम्हां घरच्यांना हे ठाऊक नव्हते.

मी एजेला दुभाषी पुतणीमार्फत विचारले, “हिचे पैसे बुडाले असते तर?” तिने हसून जे उत्तर दिले त्याचा भावार्थ असा: ही मुलगी पहिल्या दिवसापासून माझ्याशी माझ्या भाषेत बोलण्याचा प्रयत्न करते, पळून जाणारे माणूस भाषा शिकत नाही. माझे आजोबा म्हणत की ऐपत खिशात असते आणि पत दुसऱ्याच्या मनात. आमच्या पुतणीने ओशमध्ये दोन वर्षांत काय मिळविले याचा पुरावा मला त्या वहीत मिळाला. मी एजेला आमच्याकडून नेलेली राजगिऱ्याच्या लाडवांची पुडी दिली. तिने तिच्या बदल्यात ओंजळभर अक्रोड माझ्या पिशवीत ओतले आणि पैसे घेतले नाहीत.

स्वयंपाकघराचा प्रश्न

आपल्या घरांत पहिला प्रश्न निघतो तो आहाराचा, आणि तो निघालाच पाहिजे. हा पशुपालकांचा देश आहे. डोंगराळ जमीन, आखूड उन्हाळा आणि दीर्घ हिवाळा यांतून त्यांची मांसाहाराची रीत घडली. त्यांचा मुख्य पदार्थ पलाव. तो मांस आणि गाजर यांवाचून होत नाही. समोशासारखा दिसणारा ‘सामसा’ आत मांस आणि कांदा भरलेला असतो. दिसण्यावर जाऊ नये. घोडीच्या दुधाचे ‘किमिझ’ हे पेय आंबवलेले, म्हणून तेही वर्ज्य. बाजाराच्या मांसविभागाकडे आम्ही वळलो नाही. त्यांच्या रीतीला नावे ठेवण्याचे आपल्याला कारण नाही आणि आपले व्रत सोडण्याचेही नाही.

मग मूल जेवते काय? पुतणीच्या खोलीतील छोट्या शेगडीवर याचे उत्तर मिळाले. उझगेनचा तांदूळ उत्तम. मूग सहज मिळतो. त्याला तेथे ‘माश’ म्हणतात, जरी आपल्या संस्कृतात माष म्हणजे उडीद. हरभऱ्याला ‘नोकोत’. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, कोबी, भोपळा विपुल. दूध, दही, घट्ट साय यांना तोटा नाही. खरबूज, द्राक्षे, सफरचंद, जर्दाळू तर दारात. हिंग, हळद, जिरे, मेतकूट एवढे घरून नेले की आठवडाभराची बेगमी होते. कंदमूळ टाळून जेवण नीट जमते. मात्र ते स्वतः रांधावे लागते. वसतिगृहांजवळ भारतीय खानावळी आहेत, पण बहुतेक ठिकाणी दोन्ही प्रकारचे अन्न एकाच चुलीवर शिजते.

सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जूनमध्ये ओशला सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरात पावणेसहाच्या आसपास. हिवाळ्यात महाविद्यालयातून परत येईपर्यंत अंधार पडलेला असतो. पुतणी त्या दिवसांत दुपारचा डबा दोन वेळांचा नेते आणि सूर्यास्तापूर्वी ग्रंथालयाबाहेर बसून उरलेला संपविते. हे तिने स्वतः शोधलेले उत्तर. ज्या मुलाला घरी कधी पोळी लाटावी लागली नाही, त्याने जाण्यापूर्वी सहा महिने आईच्या हाताखाली उभे राहावे.

शिक्षणाचा हिशेब

आता मुख्य विषय. ओश राज्य विद्यापीठाची मुळे १९५१ साली स्थापन झालेल्या शिक्षणशास्त्र संस्थेत आहेत. शिक्षणाचा दर्जा संस्थेनुसार बदलतो, आणि कोणती संस्था चांगली हे परक्याने दोन आठवड्यांत ठरविणे योग्य नव्हे. काय तपासावे हे मात्र निश्चित सांगता येते.

आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठी नियम लागू केले. त्यांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्याशिवाय त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी. माध्यम इंग्रजी हवे. संपूर्ण शिक्षण एकाच परदेशी संस्थेत व्हावे आणि प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत पुरे व्हावे. त्या देशात तेथील नागरिकाप्रमाणे वैद्यकीय व्यवसाय करण्याचा परवाना त्या पदवीने मिळाला पाहिजे. हे सर्व झाल्यावर भारतात पात्रता परीक्षा आणि पुन्हा किमान १२ महिन्यांची आंतरवासिता. यांतील एक अट जरी तुटली तरी पदवीची सनद भिंतीवर टांगण्यापुरती उरते. आणि ती पात्रता परीक्षा सोपी नाही: अलीकडच्या अनेक सत्रांत उत्तीर्णांचे प्रमाण पाचांत एक ते चारांत एक इतकेच राहिले आहे.

म्हणून जाणाऱ्याने संस्थेकडून या अटी लेखी मागाव्यात. शुल्काची पावती संस्थेच्या नावाची असावी, मध्यस्थाच्या नव्हे. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी मध्यस्थ समोर नसताना बोलावे. रुग्णालयात जाऊन विद्यार्थी प्रत्यक्ष रुग्णापर्यंत पोहोचतात का, हे पाहावे. वर्गात इंग्रजी चालते, पण खाटेवरचा रुग्ण किर्गिझ, उझबेक किंवा रशियन बोलतो. “काका, पोटात कोठे दुखते एवढे विचारता आले नाही, तर पुस्तक पाठ असून काय उपयोग?” असे पुतणी म्हणाली. शुल्क डॉलरमध्ये सांगितले जाते, सोममध्ये खर्च होते आणि रुपयांत साठवावे लागते. तेव्हा रुपया घसरला तर सहा वर्षांत बोजा किती वाढेल, हेही आधी मांडून ठेवावे.

शेवटच्या संध्याकाळी मी पुतणीला सरळ विचारले, “धाकट्याला पाठवावे का?” ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “मी डॉक्टर होण्यासाठी येथे आले. त्याला डॉक्टर व्हायचे आहे की फक्त माझ्यामागे यायचे आहे, हे आधी त्याला विचारा. येथे पहिल्या हिवाळ्यात कोणी समजूत घालायला नसते.”

परत आल्यावर आम्ही घरी जमा-खर्च मांडला. जमेच्या बाजूला अंतर, हवामान, आहाराची सोय, माणसांचा चांगुलपणा. खर्चाच्या बाजूला पात्रता परीक्षेची अनिश्चितता, दूतावासाचे अंतर, बिश्केकसारख्या प्रसंगाची भीती. मुलाला समोर बसवून थोरल्या बंधूंनी बहिणीचाच प्रश्न विचारला. त्याने प्रामाणिकपणे सांगितले की त्याला औषधनिर्माणशास्त्रात रस आहे. वैद्यकीयचा आग्रह आमचा होता. आज तो छत्रपती संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात शिकतो आहे. बहीण ओशमध्ये आहे आणि उत्तम चालली आहे. दोघांचेही योग्य झाले, असे आम्हां सर्वांचे मत आहे.

समाजबांधवांना एवढेच सुचवावेसे वाटते. तगराच्या कापडापासून ओशच्या अक्रोडापर्यंत हजारो वर्षे ज्या वाटांवरून माल गेला-आला, त्या वाटांवर आज आपली मुले निघाली आहेत. त्यांना अडवू नये आणि ढकलूही नये. घरातील एका जाणत्या माणसाने आधी तेथे जावे, आठ दिवस राहावे, बाजारात फिरावे, रुग्णालयाच्या ओसरीवर बसावे, रात्री वसतिगृहाच्या दारापाशी उभे राहून पाहावे. त्या प्रवासाचा खर्च एका वर्षाच्या शुल्कापुढे किरकोळ आहे. आणि निघण्यापूर्वी मुलाला त्याच्या मनातील गोष्ट मोकळेपणी बोलू द्यावी. ती ऐकण्यासाठी तर पारपत्रही लागत नाही.